बेळगावचे लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि इंजिनाचे टायमिंग



जूनमध्ये आपली शाळा सुरू होते आणि पाठोपाठ 20 जून ही तारीख येते. 1869 साली याच दिवशी आपल्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म झाला. बेळगावच्या बाजारपेठेत किर्लोस्कर रोड आहे. वह्या-पुस्तके आणि कापडचोपड घ्यायला आपण सर्वजण तिकडे जातो. परंतु या घराण्याने काय केले हे विचारले, तर वर्गात मोजकेच हात वर होतात.

यंदा लक्ष्मणरावांच्या चरित्राला आम्ही विज्ञानाचा एक प्रश्न जोडला आहे. आठवी ते दहावीची मुले मोटारींच्या मागे आणि जाहिरातींत व्हीव्हीटी, व्हीव्हीटी-आय, व्हीटेक अशी अक्षरे वाचतात आणि त्यांचा अर्थ विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर इंजिनाच्या पोटात आहे, आणि आपल्या सीमाभागातील शेतकऱ्याच्या तोंडी इंजिन म्हटले की पुढचा शब्द किर्लोस्कर असाच येत असे. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. यंत्रांच्या भागांची इकडची नावे आम्ही बेळगावच्या गॅरेजवाल्यांकडून शिकलो. म्हणून या लेखात व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, पिकअप, अॅव्हरेज हे त्यांचेच शब्द वापरले आहेत.

लक्ष्मणरावांचे घर विद्येचे होते. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गुर्लहोसूरचे. अशा घरातील मुलाने लोखंडात हात घालावा हे त्या काळी कोणाला सुचण्यासारखे नव्हते. लक्ष्मणरावांना मात्र शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रे काढणे आणि यंत्रे खोलून पाहणे यांचीच ओढ होती. थोरले बंधू रामुअण्णा यांनी पैशाची मदत केली आणि 1885 साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकण्यास गेले.

तेथे दोन वर्षांनी एक कठीण गोष्ट उघड झाली. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील फरक नीट कळत नव्हता. यालाच आपण रंगांधळेपणा म्हणतो. चित्रकार होण्याचे स्वप्न तेथेच संपले. विद्यार्थी मित्रांनो, अठरा वर्षांच्या मुलाला आपली आवडीची वाट बंद झाली असे कळते तेव्हा काय वाटत असेल, याचा विचार करा. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, परंतु पेन्सिल सोडली नाही. ते यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास शिकले. या कामाला रंग लागत नाहीत, लागते ती रेषेची अचूकता. याच विद्येवर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये सहायक शिक्षकाची नोकरी मिळाली.

मुंबईत असताना त्यांनी सायकल पाहिली. ती नवलाई तेव्हा बेळगावात पोहोचलेली नव्हती. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामुअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात असा उद्योग 1888 साली सुरू झाला. गिऱ्हाइकाला सायकल शिकवण्याचे ते 15 रुपये घेत. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाचा आरंभ तो हा. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना न मिळता दुसऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते कायमचे बेळगावास आले.

बेळगावात त्यांनी लहानसा कारखाना काढला. आधी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि 1903 साली लोखंडी नांगर केला. लाकडी नांगर जमीन वरवर ओरबाडतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि ढेकूळ उलटे करतो. परंतु लोखंडाने जमिनीला विष बाधते असा समज तेव्हा शेतकऱ्यांत होता. कोणी नांगर घेईना. पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून दोष दिला नाही. ते स्वतः जाऊन जमीन, बैल आणि कामाची रीत पाहत आणि नांगरात सुधारणा करीत. आपल्या मालाची परीक्षा कारखान्याच्या दारात होत नाही, ती शेतात होते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

नांगराला थोडे बरे दिवस येत होते तोच नवे संकट आले. शहराचा विस्तार करायचा म्हणून नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करण्यास सांगितले. लक्ष्मणरावांचे वय चाळीस, घरात मुलेबाळे, हाती भांडवल नाही आणि यंत्रे हलवण्यास जागा नाही. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकार होते. त्यांनी संस्थानातील कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळ जागा दिली आणि भांडवलासाठी कर्जही दिले.

ती 32 एकर जागा म्हणजे निवडुंग आणि नागसापांचा माळ होता. 1910 साली लक्ष्मणराव, त्यांच्या पत्नी राधाबाई, बंधू आणि सोबतीचे कामगार तेथे राहावयास गेले. त्यांनी निवडुंग तोडला, घरे बांधली आणि भट्टी पेटवली. तेच किर्लोस्करवाडी. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर या नावाचे स्थानक आजही आहे. या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळण्यास बंदी केली. तुरुंगातून सुटलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले आणि त्यांच्यावर विश्वास टाकला. माणसाचा मागचा शिक्का न पाहता आज तो काय करू शकतो हे त्यांनी पाहिले.

पहिल्या महायुद्धात, म्हणजे 1914 ते 1918 या काळात, परदेशी माल येणे अवघड झाले आणि देशी नांगराला मागणी वाढली. नांगरासोबत उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पंप होऊ लागले. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. आपल्या वार्तापत्राप्रमाणेच ते आरंभी एका संस्थेचे छोटे पत्रक होते. पुढे ते 'किर्लोस्कर' मासिक म्हणून घरोघरी वाचले गेले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन 1926 साली परतले. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. लक्ष्मणराव तेव्हा 77 वर्षांचे होते. ज्या शेतकऱ्याच्या हाती त्यांनी नांगर दिला होता, त्याच्याच विहिरीवर आता पुढच्या पिढीचे इंजिन बसू लागले. बैलांची मोट गेली आणि पंप आला.

आता आपण त्या इंजिनाचे झाकण उघडू.

इंजिनात पिस्टन चार वेळा वर-खाली होतो. पहिल्या वेळी हवा आत येते, दुसऱ्या वेळी ती दाबली जाते, तिसऱ्या वेळी इंधन जळून पिस्टनला जोर मिळतो आणि चौथ्या वेळी धूर बाहेर जातो. हवा आत घेणारा एक व्हॉल्व्ह आणि धूर सोडणारा दुसरा. हे दोन दरवाजे केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे हे कॅमशाफ्ट ठरवते. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला दांडा. उंचवटा आला की व्हॉल्व्ह उघडतो, तो सरकला की स्प्रिंगने मिटतो.

आपल्या खासबाग, शहापूर, वडगाव भागातील पालकांना हे मागाच्या उदाहरणाने चटकन कळेल. मागावर ताण्याचे धागे वर-खाली होतात आणि मध्ये फट उघडते. त्याच क्षणी धोटा पार गेला पाहिजे. फट लवकर मिटली तर धोटा अडकतो, धागे तुटतात. इंजिनात धोट्याच्या जागी हवा आहे, एवढाच फरक.

हवेलाही वजन असते. वेगाने येणारी हवा एकदम थांबत नाही. म्हणून पिस्टन तळाला पोहोचून वर फिरू लागला तरी हवेचा व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच ठेवतात. मागून येणारी हवा आपल्याच वेगाने आत शिरत राहते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत किर्लोस्करचे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन हमखास दिसते. त्याचा हवेचा व्हॉल्व्ह पिस्टन माथ्यावर येण्याच्या सुमारे 4.5 अंश आधी उघडतो आणि पिस्टनने तळ सोडल्यावर सुमारे 35.5 अंशांनी मिटतो. म्हणजे क्रँकशाफ्टच्या 360 अंशांच्या फेऱ्यापैकी एकूण 220 अंश तो उघडा असतो.

हे इंजिन मिनिटाला 1500 फेरे या ठरावीक वेगाने चालते. एका फेऱ्याला 40 मिलिसेकंद लागतात, म्हणून हवेचा व्हॉल्व्ह सुमारे 24 मिलिसेकंद उघडा राहतो. गणिताच्या तासाला हा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा. वेग बदलत नाही, म्हणून हे टायमिंग कारखान्यात एकदा बसवले की कायमचे. पंपाला याहून अधिक काही नको असते.

मोटारीचे तसे नाही. सिग्नलला उभ्या असलेल्या पेट्रोल मोटारीचे इंजिन मिनिटाला सुमारे 750 फेरे करते. तीच मोटार राष्ट्रीय महामार्गावर एखाद्या ट्रकला मागे टाकताना 5000-6000 फेऱ्यांपर्यंत जाते. 6000 फेऱ्यांना एक फेरा 10 मिलिसेकंदांत होतो आणि 220 अंश उघडा राहणारा व्हॉल्व्ह जेमतेम 6 मिलिसेकंद उघडा राहतो. एवढ्या कमी वेळात सिलिंडर भरायचा तर व्हॉल्व्ह अधिक उशिरा मिटला पाहिजे. परंतु हेच उशिराचे टायमिंग कमी वेगात ठेवले तर काय होते? हवेला जोर नसतो, वर येणारा पिस्टन तिला उलट बाहेर ढकलतो, सिलिंडर अर्धवट भरतो आणि पिकअप मिळत नाही.

दुसरी अडचण दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याची. धूर बाहेर जाता जाता ताजी हवा आत यावी म्हणून थोडा वेळ दोन्ही दरवाजे उघडे ठेवतात. वरील किर्लोस्कर इंजिनात हा काळ अवघा 9 अंशांचा आहे. वेगवान इंजिनात तो वाढवला तर फायदा होतो. परंतु गाडी उभी असताना तोच काळ मोठा असेल तर धूर ताज्या मिश्रणात मिसळतो आणि इंजिन थरथरते. म्हणून ठरावीक टायमिंगच्या मोटारीत निर्मात्याला मधला मार्ग काढावा लागे. पिकअप चांगला ठेवला तर वरच्या वेगात ताकद कमी, आणि वरची ताकद साधली तर गावातल्या गर्दीत गाडी कुरकुरणार.

व्हीव्हीटी म्हणजे हे टायमिंग गाडी चालू असताना बदलणे. कॅमशाफ्टच्या टोकाच्या चाकात तेलाचे कप्पे असतात. इंजिन ऑइलचा दाब एका बाजूच्या कप्प्यात सोडला की कॅमशाफ्ट काही अंश पुढे सरकते, दुसऱ्या बाजूला सोडला की मागे. वेग किती, पायाखाली अॅक्सिलरेटर किती दाबला, हे पाहून गाडीतला छोटा संगणक ते ठरवतो. कंपनीने मोठ्या प्रमाणात बनवलेल्या मोटारीत अशी व्यवस्था 1980 साली इटलीच्या अल्फा रोमिओने आणली. 1989 साली जपानच्या होंडाने व्हीटेक आणले. त्यात कॅमशाफ्टवर दोन प्रकारचे उंचवटे असतात, एक कमी वेगाचा आणि एक जास्त वेगाचा, आणि गरजेप्रमाणे एकावरून दुसऱ्यावर जाता येते.

ताकदीचे कळले, मग अॅव्हरेज कसे वाढते? पेट्रोल मोटार सावकाश चालवताना हवेच्या वाटेतील झाकण जवळजवळ मिटलेले असते. नाक दाबून श्वास घ्यावा तशी इंजिनाला हवा ओढून घ्यावी लागते आणि त्यात इंधन वाया जाते. अशा वेळी हवेचा व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा मिटवला तर जादा हवा परत जाते, झाकण अधिक उघडे ठेवता येते आणि इंजिनाचे फुकटचे कष्ट वाचतात. हायब्रिड मोटारींत हीच युक्ती अधिक वापरतात. तेथे कमी पडणारा जोर विजेची मोटर भरून काढते. परंतु पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्हीव्हीटीने होणारी बचत काही टक्क्यांचीच असते. टायरमध्ये हवा कमी असेल, गाडी उगाच रेटली असेल, तर ती बचत सहज बुडते. आणि ही व्यवस्था ऑइलवर चालत असल्यामुळे ऑइल वेळेवर बदलले नाही तर बारीक वाटा तुंबतात आणि टायमिंग अडकते.

आता कोणी विचारेल की, एवढी चांगली युक्ती आहे तर ती विहिरीवरच्या इंजिनाला का बसवत नाहीत? कारण तेथे तिचे काम नाही. एकाच वेगाने चालणाऱ्या यंत्राला ती लावली तर किंमत वाढेल, बिघडण्यास एक भाग वाढेल आणि पाणी तेवढेच येईल. म्हणून साधे इंजिन मागासलेले आणि व्हीव्हीटीचे इंजिन पुढारलेले असे म्हणू नये. दोन्ही आपापल्या कामाला योग्य आहेत. यंत्र कोण वापरणार, कोणत्या वेगाने वापरणार आणि इंधनाचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार, हे आधी पाहायचे असते. 1903 साली नांगर करताना लक्ष्मणरावांनी हेच पाहिले होते.

योगायोग असा की किर्लोस्कर हे नाव व्हीव्हीटीशीही जोडले गेले. 1997 साली जपानची टोयोटा आणि किर्लोस्कर समूह यांनी मिळून टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी आपल्याच कर्नाटकात बंगळूरजवळ बिडदी येथे काढली. लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांचा त्यात पुढाकार होता. त्यांचे 2022 साली निधन झाले. या कंपनीने 2003 साली आणलेल्या कोरोला मोटारीच्या इंजिनात व्हीव्हीटी-आय होते.

लक्ष्मणरावांचे अखेरचे दिवसही सोपे गेले नाहीत. महात्मा गांधींच्या हत्येनंतर 1948 साली उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. माळावर उभे केलेले डोळ्यांदेखत भस्म झाले. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, 20 जून 1969 रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.

पालकहो आणि विश्वस्तहो, हे चरित्र सांगण्यामागे आमचा एक हेतू आहे. दहावीच्या वर्षात चित्रकला आणि कार्यानुभवाचे तास काढून ते गणित व विज्ञानाला द्यावेत, अशी सूचना काही पालकांकडून दरवर्षी येते. त्यामागची काळजी आम्हाला समजते. टक्के हवेत, प्रवेश हवा. परंतु लक्ष्मणरावांची एक वाट बंद झाली तेव्हा त्यांना तारले ते रेखाचित्राने. नांगर असो वा कॅमशाफ्टचा उंचवटा, तो आधी कागदावर रेषेने उतरतो, मग लोखंडात. आपल्या उद्यमबागेतील कारखान्यांत ओतकाम होते, क्रँकशाफ्ट घडतात. तेथे काम करणाऱ्या पालकांना विचारा, ड्रॉइंग वाचता येणाऱ्या मुलाची तेथे किंमत काय असते. म्हणून हे तास कायम ठेवावेत अशी आमची विनंती आहे.

आणखी एक. सर्व मुले एका वेगाने चालत नाहीत. कोणी सहावीत पळते, कोणी नववीत वेग घेते. यंत्राचे टायमिंग वेग पाहून बदलता येते, तर मुलाच्या बाबतीत आपण घरी आणि शाळेत थोडा धीर धरण्यास हरकत नसावी.

ज्या पालकांचे गॅरेज आहे, त्यांच्याकडे जुन्या मोटारीचा भंगारात निघालेला सिलिंडर हेड कॅमशाफ्टसह पडून असेल, तर तो शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावा. ग्रीस पुसून, हाताने कॅमशाफ्ट फिरवून व्हॉल्व्ह केव्हा उघडतो आणि केव्हा मिटतो हे मुलांना पाहता येईल. अंश मोजण्यासाठी कोनमापक आपल्या कंपासपेटीत आहेच.